वर्गाबाहेरची घडण : जपानी विद्यापीठांतील विद्यार्थी-मंडळे आणि इनामगावचे उत्खनन-शिबिर

प्रस्तावना

विद्यापीठांचा इतिहास लिहिताना अभ्यासक्रम, परीक्षा, ग्रंथालये आणि नामवंत प्राध्यापक यांची दखल सविस्तर घेतली जाते. परंतु विद्यार्थी एकमेकांकडून काय शिकतात, ज्या गटांत राहून शिकतात ते गट कसे चालतात आणि नवख्याला त्यांत कोणत्या रीतीने सामावून घेतले जाते, यांची नोंद बहुधा स्मरणिकेच्या पानांपलीकडे जात नाही. प्रस्तुत ग्रंथ या दुर्लक्षित भागाविषयी आहे. त्यात दोन उदाहरणे शेजारी ठेवून तपासली आहेत. पहिले जपानी विद्यापीठांतील विद्यार्थी-मंडळांचे, ज्यांत दर एप्रिलमध्ये नव्या विद्यार्थ्यांची भरती होते आणि ज्यांचा कारभार विद्यार्थीच पाहतात. दुसरे पुणे जिल्ह्यातील शिरूर-दौंड परिसरात, घोड नदीच्या उजव्या काठावर वसलेल्या इनामगावचे, जेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम उत्खनन केले आणि पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्यांना प्रत्यक्ष मातीत काम करण्याचे शिक्षण दिले.

ही दोन उदाहरणे वरवर पाहता एका मापाने मोजता येण्यासारखी नाहीत. मंडळात विद्यार्थी आवडीने जातो, तर शिबिरात अभ्यासाचा भाग म्हणून. मंडळाचे निर्णय विद्यार्थी घेतात, शिबिराचे संस्था घेते. मंडळातून एखादा सामना किंवा गायनाचा कार्यक्रम उभा राहतो, शिबिरातून उत्खननाचा अहवाल. तरीही दोहोंत एक गोष्ट समान आढळते आणि तेच या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन आहे. अर्जावर सही केल्याने कोणी गटाचा होत नाही. नवख्याकडे सोपवलेल्या एखाद्या लहानशा कामावर इतरांचे काम अवलंबून राहू लागले की तो गटात येऊ लागतो, आणि तेच काम त्याने आपल्या मागून आलेल्याला शिकवले की तो पुरता गटाचा होतो. यांपैकी पहिला टप्पा महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पुष्कळदा गाठला जातो, दुसरा क्वचितच. तो कशामुळे हुकतो, हे समजून घेण्यासाठी जपानचे उदाहरण उपयोगी पडते आणि इनामगावचे त्याहून अधिक, कारण ते परके नाही.

प्रथम संज्ञांचा खुलासा आवश्यक आहे. जपानी विद्यापीठांतील मंडळांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. ‘बु’ या नावाने ओळखली जाणारी मंडळे विद्यापीठाची अधिकृत मान्यता असलेली, शिस्तीला कडक आणि स्पर्धांना वाहिलेली असतात. त्यांतील क्रीडामंडळे ‘ताईइकुकाई’ या छत्राखाली एकत्र येतात आणि त्यांच्या सदस्यांचा सराव आठवड्यातील बहुतेक दिवस चालतो. ‘साकुरु’ म्हणजे त्या मानाने सैल बांधणीचा गट, जो आठवड्यातून एक-दोनदा भेटतो आणि ज्यात टेनिसपासून चहाविधीपर्यंत आणि गिर्यारोहणापासून विनोदी कथाकथनापर्यंत कोणताही विषय असू शकतो. याखेरीज विषयाचा अभ्यास करणारी ‘केन्क्युकाई’, म्हणजे अभ्यासमंडळे असतात आणि अनेक विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना एकत्र आणणारे गटही असतात. मान्यताप्राप्त मंडळाला पुष्कळदा विद्यापीठाच्या आवारात ‘बुशित्सु’ म्हणजे स्वतःची खोली मिळते, जीत साहित्य, जुन्या वह्या, छायाचित्रे आणि आधीच्या पिढ्यांनी मागे ठेवलेला बराचसा पसारा साठलेला असतो. या खोलीचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

ही व्यवस्था प्राचीन नाही. मेइजी राजवटीत पाश्चात्त्य धर्तीची विद्यापीठे उभी राहिली, तेव्हा त्यांच्याबरोबर इंग्रजी शाळांतील मैदानी खेळही आले आणि तोक्योत शिकवणाऱ्या फ्रेडरिक स्ट्रेंज या इंग्रज शिक्षकाने १८८३ मध्ये विद्यार्थ्यांच्या मैदानी स्पर्धा भरवल्या. १८८६ मध्ये तोक्योच्या शाही विद्यापीठात क्रीडासंघ स्थापन झाला आणि १८९२ मध्ये केइओ या खाजगी शिक्षणसंस्थेने आपल्या क्रीडामंडळांचा महासंघ उभारला. वासेदा आणि केइओ यांच्यातील बेसबॉलचा पहिला सामना १९०३ मध्ये झाला, हाकोनेपर्यंत जाऊन परतणारी विद्यापीठांची लांब पल्ल्याची टप्प्याटप्प्याची शर्यत १९२० मध्ये सुरू झाली आणि तोक्योतील सहा विद्यापीठांची बेसबॉल-साखळी १९२५ पासून पूर्ण स्वरूपात भरू लागली. या सामन्यांमुळे विद्यार्थ्यांचे मंडळ हा सार्वजनिक कुतूहलाचा विषय झाला आणि मंडळाची प्रतिष्ठा ही विद्यापीठाची प्रतिष्ठा मानली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर उच्च शिक्षणाचा विस्तार झाला आणि कडक मंडळांत न रमणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सैल गटांचीही संख्या वाढली.

मंडळाचे वर्ष विद्यापीठाच्या वर्षाबरोबर एप्रिलमध्ये सुरू होते. त्या आठवड्यांना ‘शिनकान’, म्हणजे नवागतांच्या स्वागताचा काळ, म्हणतात. आवारात मेजे मांडून जुने सदस्य पत्रके वाटतात, सरावाला येऊन पाहण्याचे आमंत्रण देतात आणि स्वागताच्या जेवणाचा खर्च बहुधा स्वतः उचलतात. नवा विद्यार्थी दोन-चार मंडळे पाहतो, मग एका-दोन मंडळांत नाव नोंदवतो आणि वर्गणी भरतो. यानंतर त्याच्याकडे येणारे काम मात्र अगदी साधे असते : सरावापूर्वी मैदान झाडणे, चेंडू मोजून ठेवणे, वाद्ये उचलून नेणे, सभागृहाची वेळ नोंदवणे. उन्हाळ्याच्या किंवा वसंताच्या सुट्टीत ‘गाश्शुकु’ होते, म्हणजे मंडळ काही दिवस बाहेरगावी एकत्र राहून सराव करते, आणि त्या मुक्कामात नवखे सदस्य एकमेकांना खऱ्या अर्थाने ओळखू लागतात. शरद ऋतूत बहुतेक विद्यापीठांचा महोत्सव भरतो. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी मंडळाचे पदाधिकारी असतात आणि नोकरीच्या शोधाचे दिवस आले की ते पद सोडतात. त्या वेळी हिशेबाच्या वह्या, संपर्कांच्या याद्या आणि कार्यक्रमांची टिपणे पुढच्या तुकडीच्या स्वाधीन करण्याचा जो व्यवहार होतो, त्याला ‘हिकित्सुगी’ म्हणतात. प्राध्यापकाचे नाव मार्गदर्शक म्हणून कागदावर असते, परंतु पैसा कोणाकडून घ्यायचा, सामान कोठे ठेवायचे आणि भांडण कसे मिटवायचे, हे वीस-एकवीस वर्षांचे विद्यार्थीच ठरवतात.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे ‘सेम्पाई’ आणि ‘कोहाई’ यांचे नाते. आधी दाखल झालेला तो सेम्पाई, मागून आलेला तो कोहाई. यात वय, बुद्धी किंवा घराणे यांपेक्षा प्रवेशाचे वर्ष महत्त्वाचे ठरते. जपानी समाजाच्या रचनेवर १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मानववंशशास्त्रज्ञ चिए नाकाने यांनी या उभ्या नात्यांची मीमांसा केली. त्यांचे म्हणणे असे, की माणसे एकत्र येण्याचे दोन पाये असू शकतात : एक ‘शिकाकु’, म्हणजे व्यक्तीला जन्माने वा गुणाने लाभलेली ओळख, आणि दुसरा ‘बा’, म्हणजे ज्या चौकटीत ती व्यक्ती उभी आहे ती संस्था, गाव किंवा घर. जपानी समाज चौकटीला प्राधान्य देतो, तर पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणून त्यांनी भारतातील जातिव्यवस्थेकडे बोट दाखवले. नाकाने यांनी १९५० च्या दशकात भारतात क्षेत्रकार्य केले होते, त्यामुळे ही तुलना पुस्तकी नव्हती. तिच्यावर पुढे बरीच टीका झाली आणि दोन्ही समाज एवढे एकरंगी नाहीत हे उघडच आहे. तथापि भावकी, आळी आणि जात यांनी माणसांचे गट आधीच पाडलेल्या प्रदेशात महाविद्यालयाची चौकट नवे गट कशी जुळवते, हा प्रश्न विचारण्यासाठी ती अजूनही उपयोगाची आहे.

पुरातत्त्व हा विषय या दोन प्रदेशांना जोडतो आणि म्हणूनच प्रस्तुत ग्रंथात त्याला मध्यवर्ती स्थान आहे. जपानमध्ये युद्धोत्तर काळातील पुरातत्त्व मोठ्या प्रमाणावर विद्यार्थ्यांच्या श्रमांवर उभे राहिले. शिझुओका येथील तोरो हे भातशेती करणाऱ्या यायोई काळातील वसाहतीचे स्थळ १९४३ मध्ये युद्धसाहित्याच्या कारखान्यासाठी जमीन खणताना उघडकीला आले आणि १९४७ ते १९५० दरम्यान अनेक विद्यापीठांतील अध्यापक व विद्यार्थी तेथे एकत्र खोदकाम करत होते. याच सहकार्यातून १९४८ मध्ये जपानी पुरातत्त्व संघटना स्थापन झाली. ओकायामा प्रांतातील त्सुकिनोवा या प्राचीन समाधि-टेकाडाचे १९५३ मधील उत्खनन याहून वेगळे होते. ओकायामा विद्यापीठाचे योशिरो कोंदो यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे गावकरी, शिक्षक, शाळकरी मुले आणि विद्यापीठाचे विद्यार्थी मिळून काम करत होते आणि एकूण हजेरी दहा हजारांच्या घरात गेली. पुण्यात सिंहगड रस्त्यावर असलेले पुणे-ओकायामा मैत्री उद्यान अनेकांना ठाऊक असते, परंतु त्याच ओकायामाने शास्त्र आणि गाव यांना एका खड्ड्यात उतरवण्याचा हा प्रयोग केला होता, ही बाब मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते.

इनामगावकडे वळताना प्रथम स्थळाचा परिचय करून घेतला पाहिजे. घोड ही भीमेची उपनदी. तिच्या काठी असलेली पांढरीची टेकाडे, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखेने व मातीने तयार झालेले उंचवटे, ही या स्थळाची ओळख. हसमुख धीरजलाल सांकळिया यांनी डेक्कन कॉलेजात १९३९ पासून पुरातत्त्वाचा पाया घातला होता आणि जोर्वे, नेवासे, नावडातोली व चांदोली येथील उत्खननांतून दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाची, म्हणजे तांबे आणि दगड या दोहोंची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या काळाची, रूपरेषा स्पष्ट होत गेली होती. आधीच्या बऱ्याच उत्खननांत मर्यादित जागेत खोल चर घेऊन थरांचा क्रम लावण्यावर भर होता. त्यातून कोणते भांडे आधीचे आणि कोणते नंतरचे हे कळे, परंतु गाव कसे होते हे कळत नसे. इनामगाव येथे सांकळिया, झेड. डी. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी आडवे उत्खनन केले, म्हणजे मोठे क्षेत्र थराथराने उघडत नेले, आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष त्यातून पुढे आले.

या वसाहतीचा काळ साधारणपणे इ. स. पू. १६०० ते ७०० असा धरला जातो आणि त्याचे माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे असे तीन टप्पे पाडले जातात. पूर्व जोर्वे काळात ऐसपैस चौकोनी घरे होती, नदीचे पाणी शेतीकडे वळवणारा पाट होता, आणि वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर व त्याला लागून धान्याचे कोठार होते. या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात पाय दुमडून पुरलेला पुरुष सापडला आणि ते घर गावच्या प्रमुखाचे असावे असा तर्क करण्यात आला. लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत, घराच्या जमिनीखाली पुरत असत. इ. स. पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली आणि चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, अशी ढवळीकरांची मांडणी आहे. पाट खणणे, कोठार भरणे आणि ते सांभाळणे ही कामे एकट्या कुटुंबाला झेपणारी नव्हती. म्हणजे ज्या स्थळावर विद्यार्थी एकत्र काम करायला शिकत होते, ते स्थळ स्वतःच सामूहिक श्रमाच्या संघटनेचा पुरावा होते.

आता शिबिराकडे पाहू. उत्खननाचा हंगाम पावसाळ्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत येतो आणि त्या काळात अध्यापक, विद्यार्थी, छायाचित्रकार, आरेखक आणि मजूर यांचे एक तात्पुरते गावच स्थळाजवळ वसते. उत्खननशास्त्राच्या रीतीनुसार टेकाडावर खुंट्या ठोकून आणि दोर ताणून समान चौकोन आखले जातात, दोन चौकोनांमध्ये मातीची उभी भिंत न खणता राखली जाते आणि तिच्या कापात थरांचा क्रम वाचला जातो. विद्यार्थ्याला प्रथम मिळते ते काम दिसायला क्षुल्लक असते : ओळंबा लावून चौकोनाची कड सरळ ठेवणे, निघालेल्या प्रत्येक वस्तूच्या पिशवीत थर व खोली लिहिलेली चिठ्ठी घालणे, खापरांच्या आवारात धुतलेली खापरे थरवार मांडणे, संध्याकाळी रोजनिशी भरणे. परंतु चिठ्ठी चुकली तर खापर कोणत्या थरातले हे कायमचे हरवते आणि त्या खापरावर पुढे विसंबणारा प्रत्येक निष्कर्ष डळमळीत होतो, कारण खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. जपानी मंडळातल्या नवख्याने चेंडू मोजले नाहीत तर एक सराव बिघडतो. येथे मात्र चूक दुरुस्त होण्यापलीकडची असते, आणि म्हणूनच लहान कामाचे मोल शिबिरात लवकर उमगते.

दुसरा टप्पाही येथे घडत होता आणि त्याचे कारण बारा हंगामांच्या सलगतेत आहे. एका हंगामात चौकोनावर देखरेख शिकलेला विद्यार्थी पुढच्या हंगामात नव्याला ती शिकवू शकतो. मातीच्या रंगातला आणि घट्टपणातला सूक्ष्म फरक बोटांनी कसा ओळखावा, चुन्याची जमीन कोठे संपते आणि राख कोठे सुरू होते, हे पुस्तकातून येत नाही, शेजारी बसलेल्या अनुभवी हाताकडून येते. इनामगाव येथे हा अनुभवी हात पुष्कळदा मजुराचाही असे, ही गोष्ट विसरता कामा नये. आयुष्यभर याच काळ्या-पांढऱ्या मातीत राबलेल्या गावकऱ्याला कुदळीच्या आवाजावरून पोकळ जागा कळते आणि शहरी विद्यार्थ्याला ती तासभर समजत नाही. मात्र विद्यार्थी शिकण्यासाठी आलेला असतो आणि मजूर रोजावर. अहवालाच्या मुखपृष्ठावर नाव कोणाचे येते आणि कोणाचे येत नाही, याचा विचार त्सुकिनोवाच्या संदर्भात करताना इनामगावच्याही संदर्भात करावाच लागतो.

शिबिराचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे निरनिराळ्या शास्त्रांचा एकाच ठिकाणी झालेला मेळ. धान्याच्या जळालेल्या दाण्यांचा अभ्यास मु. द. काजळे यांनी केला, प्राण्यांच्या हाडांचा पी. के. थॉमस यांनी, आणि मानवी सांगाड्यांचा जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनी. गहू, सातू, मसूर, वाटाणा यांसारखी पिके, गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या यांच्याबरोबर हरणांची शिकार आणि नदीतील मासे, असे त्या काळच्या आहाराचे चित्र या सर्वांच्या कामातून तयार झाले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ज्याचा विषय मृद्भांडी होता त्यालाही शेजारच्या तंबूत हाडे कशी वेगळी करतात हे रोज दिसत होते. उत्खननाचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आजही ताम्रपाषाणयुगाच्या अभ्यासात आधारभूत मानला जातो. जपानी मंडळाच्या श्रमाचे फळ बव्हंशी मंडळापुरते राहते. इनामगावच्या शिबिराचे फळ सर्वांना तपासता येईल अशा स्वरूपात छापले गेले. गटाच्या कामाला बाहेरचा वाचक असणे ही गटाला शिस्त लावणारी फार मोठी शक्ती आहे आणि ती जपानी मंडळांनी इनामगावकडून घेण्याजोगी आहे.

या दोन उदाहरणांच्या प्रकाशात महाराष्ट्रातील विद्यार्थी-जीवन पाहिले तर चित्र मिश्र दिसते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे निवासी शिबिर बहुधा एखाद्या खेड्यात होते. शिरूरच्या चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालयासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना एकत्र राहून श्रम करण्याचा पहिला अनुभव अनेकदा याच योजनेतून मिळू शकतो. तथापि हिशेब, पत्रव्यवहार आणि गावाशी असलेले संबंध कार्यक्रम अधिकारी असलेल्या प्राध्यापकाकडे राहतात, विद्यार्थी दोन वर्षांनी बाहेर पडतो आणि त्याला कळलेले बरेचसे त्याच्याबरोबर जाते. याउलट महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ पासून भरवलेली पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका-स्पर्धा पाहावी. तिच्या निमित्ताने पुण्यातील महाविद्यालयांत जे नाट्यगट टिकून राहिले, त्यांत पहिल्या वर्षाचा विद्यार्थी बॅकस्टेजला सामान उचलतो, नंतर प्रकाशयोजना शिकतो, मग भूमिका करतो आणि पुढे नव्यांना तालमीत उभे करतो. स्पर्धा दरवर्षी ठरल्या वेळी येत असल्यामुळे ही शिडी मोडत नाही. कामाची निश्चित तारीख आणि जुन्या-नव्यांची सलग साखळी असेल तर मराठी विद्यार्थी दुसरा टप्पाही गाठतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

खेड्यांत तर ही रीत विद्यापीठांहून जुनी आहे. तालमीत आलेले पोर प्रथम आखाड्याची माती खणते, मळते आणि वडीलधाऱ्या पैलवानांच्या मेहनतीकडे पाहत राहते. वस्ताद त्याला डाव शिकवतो तो पुढे, आणि काही वर्षांनी तेच पोर लहानांच्या जोडी लावू लागते. भजनी मंडळात टाळ धरून बसलेला मुलगा कालांतराने पखवाजाकडे सरकतो. इनामगावसारख्या गावातून शिरूरला किंवा दौंडला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला गटात शिरण्याची ही पद्धत घरची आहे; महाविद्यालयात तिची जागा बहुधा सूचनाफलकावरील नावनोंदणी घेते आणि तिथेच खंड पडतो.

अडचणी मात्र प्रामाणिकपणे मोजल्या पाहिजेत. ग्रामीण विद्यार्थ्याला परतीची शेवटची एसटी गाठायची असते, शेतीच्या हंगामात घरी हात लागतात आणि सायंकाळचा सराव किंवा तालीम ही त्याच्यासाठी चैन ठरते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून श्रमाला शिक्षणाची जोड दिली आणि ‘कमवा आणि शिका’ या योजनेने हजारोंचे शिक्षण शक्य केले. परंतु ज्याचे मोकळे तास पोटासाठी आधीच विकले गेले आहेत, त्याला मंडळासाठी वेळ कोठून मिळणार, हा प्रश्न त्याने मिटला नाही. जपानमध्येही अनेक विद्यार्थी अर्धवेळ नोकरी करतात आणि वर्गणी, गणवेश व गाश्शुकु यांचा खर्च सर्वांना परवडत नाही. शिवाय तेथे सेम्पाईच्या शब्दाला नको तितके वजन येते, स्वागताच्या मेजवान्यांत मद्याचा आग्रह होतो, ज्याचे कायदेशीर वय तेथे २० आहे, आणि खरा हेतू लपवून नवख्यांना ओढणाऱ्या गटांविषयी विद्यापीठांना सावधगिरीच्या सूचना द्याव्या लागतात. ज्येष्ठतेचा हा अतिरेक इकडच्या वसतिगृहांतील रॅगिंगशी नाते सांगतो. म्हणून जपानी मंडळाची रचना घ्यावी आणि त्यातील वर्चस्वाची सवय घेऊ नये, हा विवेक येथे सतत पाळला आहे.

मराठी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या विषयाला तातडीचेही एक अंग आहे. पुणे हे जपानी भाषेच्या अध्ययनाचे भारतातील महत्त्वाचे केंद्र असून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ येथे ती शिकवली जाते. जपान सरकारने २००९ मध्ये निवडक १३ विद्यापीठांत इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम वाढवण्याचा प्रकल्प हाती घेतल्यावर परदेशी विद्यार्थ्यांसाठी शरद ऋतूतील प्रवेशाची वाट रुंद झाली. परंतु सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पोहोचणारा विद्यार्थी एप्रिलच्या शिनकानला मुकतो आणि मंडळात कसे शिरायचे हे त्याला कोणी सांगत नाही. अशा विद्यार्थ्याने महोत्सवाच्या तयारीत मदतीला उभे राहावे, नावनोंदणीची वाट न पाहता काम मागून घ्यावे आणि पहिले सहा महिने बोलण्यापेक्षा हजेरीवर भर द्यावा, असा निष्कर्ष वरील विवेचनातून निघतो. भाषेची अडचण चर्चेत जेवढी जाणवते, तेवढी सामान उचलताना जाणवत नाही. हरियाणातील फर्माणा येथे २००६ ते २००९ दरम्यान डेक्कन कॉलेज आणि क्योतो येथील मानव व निसर्ग संशोधन संस्था यांनी मिळून केलेल्या उत्खननातही सहकार्याचा आधार एका खड्ड्यात एकत्र केलेले कामच होते.

ग्रंथाची मांडणी तीन भागांत केली आहे. पहिल्या भागात जपानी मंडळांचा इतिहास, प्रकार, वार्षिक क्रम आणि त्यांवरील टीका येते. दुसऱ्यात इनामगावचे उत्खनन हे शिक्षणाचे क्षेत्र म्हणून तपासले आहे. तिसऱ्यात महाराष्ट्रातील महाविद्यालयीन गटांचा विचार आहे. विद्यार्थ्यांच्या राजकीय संघटना येथे घेतलेल्या नाहीत, कारण त्यांची प्रेरणा व शिस्त बाहेरच्या पक्षांशी जोडलेली असते आणि त्यांचा अभ्यास स्वतंत्रपणे व्हायला हवा. क्रीडास्पर्धांच्या निकालांची जंत्री देण्याचाही हेतू नाही.

या सर्व विवेचनातून महाविद्यालयांनी करण्याजोग्या गोष्टी निघतात त्या खर्चिक नाहीत. प्रत्येक गटाला कुलूप लावता येईल अशी एक खोली, विद्यार्थ्यांच्याच हाती असलेली हिशेबाची वही, दरवर्षी ठरल्या तारखेला होणारे एक काम, त्या कामाचा छापील वा जाहीर अहवाल, आणि पद सोडताना पुढच्या तुकडीला लेखी सुपूर्द करण्याची सक्ती, एवढ्या पाच गोष्टी असल्या तर गट एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या बदलीबरोबर संपत नाही. त्यांची वेळ दुपारी, शेवटच्या एसटीच्या आधी ठेवली तर गावाकडच्या विद्यार्थ्यालाही त्यांत जागा राहते. यांपैकी पहिल्या दोन जपानी मंडळांकडून घेता येतात, अहवालाची सवय इनामगावकडून. तारीख आणि सुपूर्दगी यांचे वळण करंडकाच्या तालमींत आणि गावच्या तालमीत आधीपासून आहे. ते महाविद्यालयाच्या नियमांत आणणे हे प्राचार्य, विद्यार्थी आणि शिक्षणाचा अभ्यास करणारे या सर्वांचे काम आहे आणि प्रस्तुत ग्रंथ त्यांनाच उद्देशून लिहिलेला आहे.